येथे आयुष्य सुधारून मिळेल

दुसऱ्याचं लिहून देणं हा माझा धंदा आहे. म्हणजे मी लेखक नाही. अमरावतीच्या एका बँकेत क्लार्क आहे. पण दिवसातून दहा वेळा तरी काउंटरपलीकडून एक हात आत येतो आणि हातामागून आवाज येतो, "साहेब, चष्मा घरी राहिला, एवढी स्लिप भरून देता का?" नोकरीच्या एवढ्या वर्षांत इतके चष्मे घरी राहिलेले मी पाहिले आहेत, की राजकमल चौकापासून जयस्तंभापर्यंतची चष्म्याची दुकानं कोणाच्या जिवावर चालतात हे मला कोडंच आहे. पण मी स्लिप भरून देतो. तारीख, खाते क्रमांक, रक्कम अंकी, रक्कम अक्षरी. सही मात्र ज्याची त्यानं करायची. बँकेचे पुष्कळ नियम मला पटत नाहीत, हा पटतो. पुढं जे भांडण मी मांडणार आहे त्याचं सगळं मूळ या नियमात आहे, तेव्हा वाचकहो, तो जरा लक्षात असू द्या.

भांडण आहे पैसे घेऊन नोकरीसाठी बायोडाटा लिहून देणाऱ्यांशी. चुकलो, बायोडाटा नव्हे, रिझ्यूमे. बायोडाटा हा शब्द आता लग्नाच्या बाजारात गेला. तिथं वर गणपतीचं चित्र, खाली रास, नाडी, गोत्र आणि 'मामांचे गाव'. रिझ्यूमेवर गणपती चालत नाही आणि मामाला तर कोणी विचारतच नाही. आमच्याकडं मात्र मामालाच विचारलं गेलं, म्हणून हा लेख.

त्याचं असं झालं. माझी थोरली बहीण अकोल्याला जठारपेठेत असते. भाऊजींचं लहानसं किराणा दुकान, आणि ताई शिकणाऱ्या पोरांना डबे देते. मागच्या मे महिन्यात, म्हणजे अकोल्यात माणसं दारं-खिडक्या लावून कूलरपुढं आडवी पडतात त्या दिवसांत, भर दुपारी तिचा फोन आला.

"भाऊ, तू बँकेत हायेस म्हणून विचारतो. साडेतीन हजार गेले, त ते वापस येतात का?"

बँकेतल्या माणसाला हल्ली असा फोन आला की पहिल्यांदा त्याच्या पोटात खड्डा पडतो. मी ओरडलोच, "ओटीपी कोणाला सांगितला?"

"नाही रे बाप्पा. पोट्ट्यानं नोकरीचा कागद लिहून घेतला, इंग्रजीतून. गंज भारी लिवला म्हणते. मी त्याच्याकडून मराठीत वाचून घेतला. पण मले त त्यात आपला पोट्टा दिसूनच नाही राह्यला."

ताई बारावी पास आहे. पण त्या कागदावर याहून नेमकी टीका एखाद्या प्राध्यापकालाही जमली नसती.

दुसरा शनिवार धरून मी एसटीनं अकोल्याला निघालो. आमचा हा अमरावती-अकोला रस्ता म्हणजे रिझ्यूमेचा उत्तम नमुना आहे. जून २०२२ मध्ये या रस्त्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. खरी गोष्ट आहे, अभिमानाची आहे. पण त्याआधी कित्येक वर्षं याच रस्त्यानं मूर्तिजापूर येईपर्यंत आमचा एकेक मणका मोजून घेतला, त्याची नोंद कोणत्याच बुकात नाही. उद्या रस्त्यानं आपला रिझ्यूमे लिहायला घेतला तर तो ते १०५ तास लिहील, मणक्यांचं लिहिणार नाही. माणूसही तेच करतो, आणि त्यात काही वाईट नाही. आपलं चांगलं ते वर मांडावं. अट एवढीच, की ते ७५ किलोमीटर खरोखर टाकलेले असावेत, आणि त्यावरून एसटी गेली तर ती पोचावी.

भाच्याचा रस्ता पहिल्याच वळणावर खचला होता.

कागद त्यानं माझ्यापुढं ठेवला. वर मधोमध त्याचं नाव, एवढ्या मोठ्या अक्षरांत, की पोरगा वॉर्डातून उभा राहतो आहे की काय असं वाटावं. डाव्या बाजूला निळा पट्टा. पट्ट्यात प्रत्येक गुणापुढं चांदण्या. 'लीडरशिप' पाचपैकी चार, 'एक्सेल' पाच, 'कम्युनिकेशन' साडेचार.

"ही अर्धी चांदणी कोणी खाल्ली रे?"

"मामा, पूर्ण पाच देल्या त खोटं वाटते म्हणे."

उजवीकडच्या पहिल्या ओळीत आमचे भाचेराव 'डायनॅमिक, रिझल्ट-ओरिएंटेड प्रोफेशनल' होते. दुसऱ्या ओळीत त्यांनी एक 'क्रॉस-फंक्शनल टीम' सांभाळली होती. तिसऱ्या ओळीत त्यांनी 'एंड-टू-एंड सप्लाय चेन ऑप्टिमायझेशन' नावाचा काही पराक्रम 'स्पिअरहेड' केला होता.

"स्पिअरहेड म्हणजे काय?"

"भाल्याचं टोक."

"तू भाला कुठं चालवलास बे?"

"ते दुकानाचं हाये, मामा."

मग हळूहळू बाहेर आलं. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात भाऊजी आजारी पडले ते दोन वर्षं उठले नाहीत. हा तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता. दुकान त्यानं चालवलं. फोनवर याद्या घेतल्या, सायकलवर पिशव्या पोचवल्या, घाऊक बाजारातून माल आणला, उधारीची वही सांभाळली, आणि ते करता करता पदवी घेतली. लिहून देणाऱ्या मंडळींनी फोनवर एक फॉर्म पाठवला होता. त्यात 'अनुभव' या रकान्यात यानं लिहिलं होतं: 'वडिलांचे दुकान'. त्या दोन शब्दांचा तो भाला झाला. फॉर्मनंतर एक फोन नाही, एक प्रश्न नाही. चोवीस तासांत आयुष्य तयार.

"आणि ती क्रॉस-फंक्शनल टीम?"

"मी आन् आई."

हसू नका. मीही हसलो होतो, पण पुढचं ऐकल्यावर माझं हसू गेलं. त्या कागदावर त्याला बोलावणं आलं. हे मी लपवत नाही. भांडायचं तर प्रामाणिकपणे भांडावं. नागपूरच्या एका मालवाहतुकीच्या कंपनीनं बोलावलं. समोरच्या गृहस्थानं कागद वाचून विचारलं, "तुमच्या सप्लाय चेनमध्ये गोदामं किती होती?" भाच्याच्या डोळ्यांपुढं दुकानामागची ती खोली उभी राहिली, जिच्यात तेलाचे डबे, गव्हाची पोती आणि ताईची शिलाई मशीन अशी तीन खाती एकत्र नांदतात. तो म्हणाला, "एक." गृहस्थ म्हणाले, "ऑप्टिमाइझ काय केलं?" भाचा गप्प. गृहस्थ बरे असावेत. आवाज न चढवता म्हणाले, "हे तुम्ही लिहिलेलं नाही ना? मग ज्यानं लिहिलं त्याला पाठवायचं होतं."

नागपूरहून येताना एरवी बडनेऱ्याला उतरून मामीच्या हातचे पोहे खाल्ल्याशिवाय पुढं न जाणारा पोरगा, त्या दिवशी थेट अकोल्याला निघून गेला. नंतर त्यानं कुठंच अर्ज केला नाही. दुकानाचं नाव काढलं की उठून जायचा.

आता साडेतीन हजारांचं म्हणाल, तर ते काही परत येत नाहीत. ताईचा डबा सत्तर रुपयांचा. म्हणजे पन्नास डबे. डब्यात चार पोळ्या, म्हणजे दोनशे पोळ्या, अकोल्याच्या मे महिन्यात, गॅसच्या तोंडाशी उभं राहून. कॉमर्सच्या माणसाला असे हिशेब आपोआप सुचतात आणि सुचले की त्याला झोप येत नाही. पण माझा खरा राग त्या पैशांचा नाही. वयाच्या विसाव्या वर्षी बाप अंथरुणाला खिळलेला असताना पोरानं घर चालवलं. आयुष्यात सांगण्यासारखी याहून मोठी गोष्ट त्याच्याजवळ नव्हती. आणि पैसे घेऊन त्याला शिकवलं काय, तर ही गोष्ट लपवण्यासारखी आहे, हिला इंग्रजी कोट घातल्याशिवाय चारचौघांत आणता येणार नाही. चोरानं पैसे नेले तर माणूस गरीब होतो. यांनी पैसे नेले आणि वर पोराला त्याच्याच बापाच्या दुकानाची लाज देऊन गेले.

यावर कोणी म्हणेल, तुमच्या काळात काय निराळं होतं? बरोबर आहे, माझा कागदही मी लिहिलेला नाही. २००१ साली बी.कॉम. होऊन मी अकोल्यातल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेलो. तिथल्या सरांनी माझा बायोडाटा खडखड टाइप केला आणि शेवटी 'हॉबीज' म्हणून वाचन, क्रिकेट आणि सोशल वर्क असं ठोकून दिलं. मी म्हटलं, "सर, सोशल वर्क मी कधी केलं नाही." सर म्हणाले, "सगळेच करतात. राहू दे." त्या वर्षी त्या एका इन्स्टिट्यूटमधून एवढे समाजसेवक बाहेर पडले, की मोर्णा नदी गंगेसारखी स्वच्छ व्हायला पाहिजे होती. पण सरांनी पानाचे पंधरा रुपये घेतले. पंधरा रुपयांत तेवढंच खोटं परवडत होतं. भाला परवडत नव्हता.

मोठ्या नावाचा मोह मलाही कळतो. २०२४ च्या वेतनकरारात आम्हां क्लार्क मंडळींचं नाव बदलून 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झालं. मी घरी येऊन ही बातमी जरा छाती काढूनच सांगितली. आमच्या सौ. म्हणाल्या, "म्हणजे आता दळण आणायला असोसिएट जातील का?" दळण मीच आणलं. खुर्ची तीच, काउंटर तेच, चष्मे घरी विसरणारेही तेच.

तर दुसऱ्यानं लिहिण्याला माझा विरोध नाही. जगातला पहिला रिझ्यूमे म्हणून ज्या कागदाचा दाखला देतात, तो लिओनार्दो दा विंचीचा. १४८२ च्या सुमाराला त्यानं मिलानच्या लुदोविको स्फोर्झाकडं काम मागायला पत्र लिहिलं. क्रमांक घालून दहा मुद्दे. उचलून नेता येणारे पूल बांधीन, तोफा करीन, वेढ्यात खंदकातलं पाणी काढून देईन. लुदोविकोला लढायांचं वेड, म्हणून आधी लढायांचं. शांततेच्या दिवसांतल्या इमारती, मूर्ती आणि चित्रं अगदी शेवटी. मोनालिसा काढणाऱ्या माणसानं 'चित्रंही काढतो' हे तळाशी लिहिलं! आणि गंमत पुढंच आहे. त्या पत्राचा जो मसुदा शिल्लक आहे, तो लिओनार्दोच्या हातचा नाही. त्याचं ते उजवीकडून डावीकडं जाणारं उलटं अक्षर सगळ्यांना ठाऊक आहे. हे अक्षर दुसऱ्या कोणाचं. म्हणजे पहिला रिझ्यूमेसुद्धा कोणाकडून तरी लिहून घेतलेलाच. पण पत्राच्या शेवटी काय आहे? यातलं काही अशक्य वाटत असेल तर तुमच्या बागेत किंवा म्हणाल तिथं करून दाखवायला मी तयार आहे. अक्षर दुसऱ्याचं, बागेत उभा राहणार तो लिओनार्दो. आमचा भाचा नागपूरच्या बागेत उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात भाला नव्हता, कारण तो कधी नव्हताच.

आणि लिओनार्दोपर्यंत तरी कशाला जायचं? आपल्या तहसील कचेरीच्या आवारात लिंबाखाली टेबल टाकून बसणारा अर्जनवीस पाहा. मी लहानपणी आजोबांबरोबर जायचो. तो गृहस्थ कागदाला हात लावायच्या आधी अर्धा तास नुसतं विचारायचा. नाव काय? बापाचं? भाऊ किती? वाटणी झाली का? गट नंबर? विहीर कोणाच्या हिश्शात? आजोबा चिडायचे, "अर्ज माह्या हाये का तुह्या?" तो शांतपणे म्हणायचा, "तुमचाच आहे, म्हणून तर विचारतो." शेवटी तो अर्ज वाचून दाखवायचा, आणि आजोबा मान हलवायचे, "हो, असंच हाये." मग अंगठा. लिहून देणाऱ्याची सगळी विद्या या दोन गोष्टींत आली: आधी विचारणं आणि नंतर वाचून दाखवणं. भाच्याच्या साडेतीन हजारांत या दोन्ही नव्हत्या. निळा पट्टा होता.

आता या धंद्याचे दोन बचाव आहेत. ते ऐकून घेऊ, नाहीतर तुम्ही म्हणाल मामा एकतर्फी बोलतो.

पहिला बचाव मशीनचा. भाचाही म्हणाला, "मामा, आजकाल माणूस वाचतच नाही, मशीन वाचते. त्याले एटीएस म्हणतात." हे खोटं नाही. मोठ्या कंपन्यांकडं अर्जांचे ढीग येतात आणि ते लावायला, चाळायला सॉफ्टवेअर असतं. पण मग त्या मशीनला काय कळतं ते तरी पाहा. त्याला साधी मांडणी कळते, 'शिक्षण', 'अनुभव' असे नेहमीचे मथळे कळतात आणि जाहिरातीत जे शब्द आहेत ते कागदात सापडले तर कळतात. दोन रकाने, चित्रं आणि चांदण्या पाहून ते गोंधळतं. म्हणजे मशीनच्या नावानं पैसे घ्यायचे आणि मशीनला न वाचता येणारा कागद द्यायचा. आणि आता तर लिहायलाही मशीन आलं आहे. लिहिणार मशीन, वाचणार मशीन. मधे माणूस हवा तो फक्त पैसे भरायला.

दुसरा बचाव इंग्रजीचा, आणि तो जास्त खरा आहे. दर्यापूरच्या, मूर्तिजापूरच्या पोरानं मराठीतून शिकून इंग्रजी कागद लिहायचा कसा? कबूल. इंग्रजी तपासून घ्या, आणि त्याचे पैसेही द्या. तपासणाऱ्याचे कष्ट असतात. पण तपासणं वेगळं आणि बदलणं वेगळं. शिंप्याकडं आपण सदरा उसवून शिवायला देतो; त्यानं सदऱ्याऐवजी दुसऱ्याच माणसाला शिवून पाठवावं हे काही बरोबर नाही.

तेव्हा ज्यांना लिहून घ्यायचंच आहे त्यांनी खुशाल घ्यावं. पण माणूस निवडताना बँकेतल्या माणसाचा सल्ला ऐका. आम्ही कर्ज देण्याआधी जसं पाहतो तसं तुम्ही पैसे देण्याआधी पाहा.

एक. या नोकरीला रिझ्यूमे लागतो का, हे आधी पाहा. आमच्या व्हऱ्हाडातली निम्मी पोरं बँकेच्या, तलाठ्याच्या, राज्यसेवेच्या परीक्षांना बसलेली असतात. तिथं फॉर्म असतो आणि परीक्षा असते. सरकारी बँकांच्या क्लार्कच्या भरतीत तर आता मुलाखतसुद्धा उरलेली नाही. त्या पोरांनी रिझ्यूमेवर पैसे घालणं म्हणजे पोहायला जाताना छत्री घेणं.

दोन. तो तुम्हाला प्रश्न किती विचारतो ते मोजा. तुमच्याशी तासभर न बोलता जो लिहितो, तो तुमचं लिहीत नाही; कालच्या गिऱ्हाइकाचं नाव खोडून तुमचं घालतो. त्यानं आधी लिहिलेले दोन-तीन नमुने मागा, नावं झाकून. सगळे सख्खे भाऊ दिसले तर उठा.

तीन. नोकरीची हमी देत असेल तर दोन पायऱ्या एकदम उतरा. नोकरी देणारा वेगळा, कागद लिहिणारा वेगळा. हमीच्या मागोमाग 'नोंदणी फी' येते, मग 'प्रोसेसिंग फी' येते, आणि मग तुमची आई आमच्या काउंटरवर येते.

चार. कागदाची बदलता येणारी फाइल तुमच्या हातात पाहिजे. एक तारीख बदलायला पुन्हा पाचशे मागणारा लेखक नव्हे, घरमालक आहे.

पाच, आणि सगळ्यात मोठी कसोटी. प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचा आणि त्या ओळीवर आईला समजेल असं दोन मिनिटं बोला. बोलता आलं तर ती ओळ तुमची. नाही आलं तर खोडा, मग ती कितीही सुंदर असो. स्लिप कोणीही भरो, सही तुमची आहे.

त्या शनिवारी संध्याकाळी ताईच्या स्वयंपाकघरात मी अर्जनवीस झालो. ताई पोळ्या लाटत होती, भाऊजी दाराशी खुर्ची टाकून बसले होते. मी वही उघडली.

"दुकान हातात घेतलं तेव्हा उधारी किती होती?"

"एक लाख ऐंशी हजार," भाचा तोंडातल्या तोंडात म्हणाला.

"दोन वर्षांत वसूल किती केली?"

"एक लाख बावन."

माझा पेन थांबला. बँकेत बसून मी वसुलीचे आकडे पाहतो. टाळेबंदीत, विनातारण उधारीची एवढी वसुली दाखवली असती तर आमच्या साहेबांनी हार घालून घेतला असता. "कशी केलीस?"

मग पोरगा बोलायला लागला. वही त्यानं मोबाइलमध्ये एक्सेलवर घेतली होती. पगारदाराला सात तारखेला फोन. शेतकऱ्याला कापूस विकल्यावर, त्याआधी नाही. मजुराकडून हप्त्याला शंभर. कोणाच्या दारात जाऊन उभा राहिला नाही, कोणाला चारचौघांत बोलला नाही. "बाबा म्हणत, उधारी गेली त चालते, गिऱ्हाईक जाऊ नये."

"आणि गेले किती?"

"दोन."

भाऊजी दाराशी बसल्या बसल्या खाकरले. मला वाटतं त्यांनाही हा हिशेब पहिल्यांदाच सगळा ऐकायला मिळाला होता.

भिंतीवर भाच्याची पदवी लावलेली आहे. मी पास झालो तेव्हा ते नुसतं अमरावती विद्यापीठ होतं. पुढं त्याला संत गाडगेबाबांचं नाव लागलं. १८७६ साली आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावला जन्मलेला हा माणूस. शाळेचं तोंड पाहिलं नाही, लिहिता-वाचता येत नव्हतं. रिझ्यूमेच्या भाषेत, शिक्षण निरंक. गावात आला की आधी खराटा घेऊन गाव झाडायचा. कीर्तन रात्री, आणि तेव्हा गाव ऐकायचं. हल्लीच्या मंडळींच्या तावडीत सापडते तर बाबांना त्यांनी 'सॅनिटेशन एक्सपर्ट' करून चार चांदण्या दिल्या असत्या. मी भाच्याला म्हटलं, "ज्यांच्या नावाचा शिक्का तुझ्या पदवीवर आहे, त्यांनी खराटा लपवला नाही. तू तराजू काहून लपवतोस?"

कागद एका पानाचा झाला. वडिलांच्या आजारपणात दोन वर्षं किराणा दुकान चालवलं. एवढी उधारी, एवढी वसूल, एवढी गिऱ्हाइकं टिकवली. हिशेब एक्सेलवर. ते करत असताना बी.कॉम. पूर्ण. इंग्रजी साधं, त्याचं त्यानं लिहिलेलं. गल्लीतल्या निवृत्त मास्तरांनी तीन चुका काढल्या आणि चहा घेतला. टॉवर चौकातल्या झेरॉक्सवाल्यानं मांडणी करून छापून दिलं, दीडशे रुपये. तीन ठिकाणी पाठवला. दोघांचं उत्तर आलं नाही. तिसरे अकोल्याचेच, बी-बियाणं आणि खतांचे घाऊक व्यापारी. त्यांनी अर्धा तास फक्त उधारीवर विचारलं, आणि पोरगा अर्धा तास बोलला. चौदा हजारांवर ठेवून घेतलं. यात माझ्या अर्जनविशीचा पराक्रम मी सांगत नाही. सौं.चं मत असं, की त्या शेठजींची स्वतःची उधारी फार तुंबली असावी. असेलही.

पण मला लक्षात राहिली ती शनिवारची रात्र. कागद वहीत पुरा झाला तेव्हा ताईनं हात पुसले आणि म्हणाली, "वाच बरं, मराठीत." भाच्यानं वाचला. ताईनं तवा उतरवला, जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हां. आता दिसून राह्यला पोट्टा."

निघताना तिनं माझ्या हातात डबा दिला. मी म्हटलं, "सत्तर रुपये देऊ का?"

"राहू दे," ती म्हणाली. "लिहून द्यायचे वळते झाले."